येणारे पाणी गाळले. जाणाऱ्या पाण्याचे काय?

पाणी गाळून वापरावे, हे जैन घरातील लहान मुलालाही सांगावे लागत नाही. नळाला बांधलेले स्वच्छ कापड आणि गाळण्यात राहिलेले जीव पुन्हा मूळ पाण्यात सोडण्याची जुनी रीत, यांतून अहिंसेचा विचार रोजच्या कामात उतरला आहे. परंतु तेच पाणी वापरून झाल्यावर घराबाहेर कसे जाते, याकडे सहसा कोणी पाहत नाही. लक्ष जाते ते न्हाणीघरातील बेसिन तुंबल्यावरच.

आणि ते तुंबते नेमके घरात माणसांची वर्दळ असताना. पर्युषणासाठी पाहुणे आलेले असतात, बेसिनमध्ये पाणी साचून राहते आणि घाईघाईने अ‍ॅसिडची बाटली आणून ओतली जाते. ज्या दिवसांत हिरवी भाजीही वर्ज्य केलेली असते, त्याच दिवसांत हे घडते, याचे कोणाला काही वाटत नाही.

वस्तुतः बेसिन एका दिवसात तुंबत नाही. रोजकीर्दीतील किरकोळ नोंदींची वर्षअखेरीस मोठी बाकी निघावी, तसा हा प्रकार आहे. बेसिनखालची नळी साधारणतः ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच व्यासाची असते. तिच्यात पहिली नोंद होते ती केसांची. विंचरताना गळलेले लांब केस आणि दाढीचे बारीक केस तोंडाशी असलेल्या जाळीच्या आडव्या पट्ट्यांना गुंडाळले जातात. केस कुजायला फार काळ लागतो. त्यामुळे मागून येणारी प्रत्येक वस्तू त्यांत अडकते.

दुसरे कारण साबणाचे. विंधन विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग झाला, की पाण्यात न विरघळणारा पांढरा, चिकट साका तयार होतो आणि नळीच्या आतल्या बाजूस थरावर थर चढतो. डोक्याचे तेल व उटण्यातील बेसन त्या थराला अधिक घट्ट करतात. टूथपेस्टमधील दात घासणारी बारीक भुकटीही पाण्यात विरघळत नाही. ती तळाशी बसते. पूजेहून आल्यावर हातावरून धुतले जाणारे चंदन तेच करते. यांखेरीज साबणाची झिजलेली वडी, ट्यूबचे झाकण किंवा कानातल्याची फिरकी असे काही आत गेले, की उरलेली वाटही बंद होते.

काही दोष बांधकामाचे असतात. नळीला पुरेसा उतार नसणे किंवा वळ्या असलेली लवचिक नळी बसवणे, ही त्यांतील नेहमीची उदाहरणे. अशा नळीच्या प्रत्येक वळीत गाळ धरतो. फक्त एकच बेसिन तुंबले असेल, तर अडथळा बहुधा जवळच असतो. बेसिनबरोबर न्हाणीतील जाळीतूनही पाणी वर येऊ लागले, तर दोष पुढच्या मुख्य नळीत आहे, असे समजून प्लंबरला बोलवावे.

बेसिनखाली जो बाटलीसारखा भाग दिसतो, त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात. त्यात थोडे पाणी कायम राहते आणि त्या पाण्यामुळे गटारातील दुर्गंधी व कीटक घरात येत नाहीत. गाळही प्रथम तेथेच साठतो. त्याखाली बादली ठेवून खालची वाटी हाताने फिरवली, की ती सुटते. आतील गाळ काढून, वाटी धुऊन पुन्हा बसवणे हे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. रबरी पंप वापरायचा असल्यास बेसिनच्या वरच्या कडेजवळचे छिद्र ओल्या फडक्याने बंद करावे. अन्यथा दाब तेथूनच निघून जातो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा घरगुती उपाय लोकप्रिय आहे. पण ते दोन्ही परस्परांचा प्रभाव घालवतात आणि केसांचा गुंता तसाच राहतो. उकळते पाणीही ओतू नये. त्याने प्लॅस्टिकची नळी व सांधे सैल पडतात.

अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा ओतण्यात धोका अधिक आहे. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. ओतूनही नळी मोकळी झाली नाही, तर ते द्रव्य ट्रॅपमध्ये तसेच साचून राहते. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या प्लंबरला कोणी त्याची कल्पना देत नाही. तो ट्रॅप उघडतो आणि ते त्याच्या हातांवर, क्वचित डोळ्यांत उडते. लक्षात न राहिल्यामुळे घडली, तरी ती हिंसाच होय.

साचलेल्या चिकट गाळात बारीक माश्या अंडी घालतात व त्यांच्या अळ्या तेथेच वाढतात. एकदा ही जीवोत्पत्ती झाली, की मार्ग कोणताही निवडला तरी जीवहानी अटळ ठरते. म्हणून दोषरहित उपाय एकच, गाळ साचूच न देणे. तत्त्वार्थसूत्रातील पाच समितींमध्ये शेवटची उत्सर्ग समिती आहे. टाकाऊ वस्तू कोठे व कशी टाकावी, याचीही यतना त्यात अपेक्षित आहे. ती मुख्यतः साधुजीवनासाठी असली, तरी तिचा भाव गृहस्थालाही घेता येतो.

त्यासाठी फार काही करावे लागत नाही. बेसिनच्या तोंडावर बारीक जाळी ठेवावी व तिच्यात अडकलेले केस रोज कचऱ्यात टाकावेत. हाताला लागलेले तेल व उटणे धुण्यापूर्वी कागदाने पुसावे. महिन्यातून एकदा ट्रॅपची वाटी उघडून स्वच्छ करावी. तरीही प्लंबरला बोलवावे लागले आणि आधी काही ओतलेले असेल, तर ते त्याला प्रथम सांगावे.

अन्नाचा कणही वाया जाऊ नये म्हणून जेवणानंतर थाळी धुऊन ते पाणी पिणारी माणसे आजही अनेक घरांत आहेत. तीच दक्षता बेसिनपर्यंत पोहोचली, तर अ‍ॅसिडची बाटली घरात आणण्याची वेळ येणार नाही.