मांजराच्या खुणा व त्यास गोंजारण्याची रीत

सुगी संपून ज्वारी, हरभरा व सोयाबीन यांचीं पोतीं घरांत आलीं कीं त्यांच्या मागोमाग उंदीरहि येतात. अशा वेळीं मांजर हा घरचा बिनपगारी राखणदारच होय. ही सोबत फार जुनी आहे. सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वीं माणसाशेजारीं पुरलेल्या मांजराचा सांगाडा सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. असें असूनहि, बैलाच्या कानांवरून व डोळ्यांवरून त्याची प्रकृति ओळखणारे आपण शेतकरी मांजराच्या खुणांकडे मात्र लक्ष देत नाहीं. आणि त्यानें बोचकारलें म्हणजे त्यास लबाड ठरवितों. वस्तुतः तें बहुधा आधीं सूचना देऊनच नख लावतें.

या सूचना पुढीलप्रमाणें ओळखाव्या. शेपूट सरळ उभें करून मांजर आपणांकडे आलें, तर तें स्नेहानें येत आहे असें समजावें. शेपूट जोरानें आपटूं लागलें, कान मागें वा आडवे पडले, पाठीची कातडी थरथरूं लागली, तर तें त्रासलें आहे. पाठीची कमान करून केंस फुलविलेलें मांजर भ्यालेलें असतें. तें उताणें पडून पोट दाखवितें, तें विश्वासाचें चिन्ह खरें; परंतु पोटास हात लावण्याचें तें आमंत्रण नव्हे. घुरघुर बहुधा समाधानाची असते, तथापि दुखण्यांतहि मांजर घुरघुरतें, हें विसरूं नये.

गोंजारावयाचें झाल्यास वरून झडप घालूं नये. खालीं बसून बोट पुढें करावें व मांजरास स्वतः येऊं द्यावें. त्यानें गाल घासला, तर गाल, हनुवटी व कानांच्या मुळाशीं हलकेंच खाजवावें. थोड्या वेळानें हात थांबवावा. तें पुन्हां जवळ आलें तरच पुढें चालवावें. त्याकडे पाहून सावकाश डोळे मिटल्यास तें अनोळखी माणसाजवळहि येण्यास अधिक राजी होतें, असें इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांस २०२० सालीं आढळून आलें. जेवतांना, निजलें असतां, किंवा पिलांजवळ असतां त्यास मुळींच छेडूं नये.

ही रीत मुलांस अवश्य शिकवावी. कारण प्रश्न केवळ ओरखड्याचा नाहीं. मांजराच्या चाव्यानें रेबीज, म्हणजे पिसाळरोग, होऊं शकतो, आणि त्याचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी. ज्या मिरचीबद्दल धर्माबादचा बाजार नांवाजलेला आहे, ती, किंवा हळद व चुना, जखमेस लावण्याची जुनी चाल साफ सोडावी. त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घ्यावी व सांगितलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्या. घरच्या मांजरासहि पशुवैद्याकडून ही लस द्यावी.

मुक्या जनावराचें म्हणणें वेळीं ओळखणें हा आपल्या धंद्यांतीलच गुण आहे. गोठ्यांत तो आपण रोज वापरतों. तोच चुलीजवळच्या मांजरापाशींहि वापरला, तर मुलांचे हात सुरक्षित राहतील आणि राखणदारहि घर धरून राहील.