नामफलकाच्या पुढची पायरी

मतांच्या वाटा : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या हिस्पॅनिक मतदारांविषयी वाचले. १९६० साली जॉन केनेडींसाठी ‘व्हिवा केनेडी’ मंडळे निघाली, जॅकलिन केनेडींनी दूरचित्रवाणीवर स्पॅनिशमधून मते मागितली आणि या समाजाला आपलेसे करण्यासाठी पक्षांची चढाओढ लागली. तरीही टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी, जिथे जवळपास सगळी वस्ती हिस्पॅनिक आहे, पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट राहून २०२४ मध्ये रिपब्लिकनांकडे गेली. याआधी तसे घडले होते ते १८९२ मध्ये. ज्याला गृहीत धरले, तो समाज कधी ना कधी हिशेब मागतोच. असाच हिशेब आपल्या शेजारी, मध्य प्रदेशातही मागितला गेला आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात दर पाच माणसांमागे एक आदिवासी आहे आणि एकूण संख्या दीड कोटीवर जाते. इतके आदिवासी देशातल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत. विधानसभेच्या २३० जागांपैकी ४७ त्यांच्यासाठी राखीव आहेत. भाजपने २०१३ मध्ये त्यातल्या ३१ जिंकल्या होत्या. २०१८ मध्ये त्या १६ वर आल्या, काँग्रेसच्या ३० झाल्या आणि भोपाळमधली सत्ता पालटली.

ही मते परत मिळवण्यासाठी भाजपने पुढे काय केले, ते भोपाळने पाहिले. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीला, जांबुरी मैदानावर पंतप्रधानांच्या उपस्थितीत पहिला जनजातीय गौरव दिवस झाला. त्याच दिवशी हबीबगंज स्थानक गोंड राणी कमलापतींच्या नावाने खुले झाले. त्याआधी सप्टेंबरात अमित शहा जबलपूरला जाऊन आले होते. १८५७ मध्ये तोफेच्या तोंडी दिलेल्या शंकर शहा आणि रघुनाथ शहा या गोंड राजा-राजपुत्रांचा तो बलिदान दिन होता. जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. काँग्रेसही स्वस्थ बसली नव्हती. कमलनाथ सरकारने २०१९ मध्येच ९ ऑगस्टच्या विश्व आदिवासी दिनाला सुटी दिली होती.

या कामांना मी दिखावा म्हणणार नाही. ज्यांच्या पूर्वजांचे नाव पाठ्यपुस्तकात सापडत नव्हते, त्यांना राजधानीच्या स्थानकावर आपली राणी दिसणे ही मोठी गोष्ट आहे. सिकलसेलची तपासणी किती निकडीची आहे, हे नंदुरबार आणि गडचिरोलीच्या वाचकांना सांगायला नको.

पण २०२३ चा निकाल बारकाईने पाहा. भाजपला राज्यात १६३ जागा मिळाल्या. राखीव आदिवासी जागा वगळल्या, तर उरलेल्या १८३ पैकी १३९, म्हणजे चारांतल्या तीन. आदिवासी जागांवर मात्र ४७ पैकी २४, जेमतेम निम्म्या. काँग्रेसला इथे २२ मिळाल्या. तिच्या एकूण ६६ जागांचा तिसरा हिस्सा याच मतदारांनी दिला. सैलानाची जागा तर नव्याने निघालेल्या भारत आदिवासी पार्टीने नेली. लाटेच्या वर्षीही हा मतदार तोलूनमापून वागला.

एक कारण असे की हा समाज एकजिनसी नाही. अलीराजपूर-झाबुआचा भिल्ल, मंडला-डिंडोरीचा गोंड, बैतूल-खंडव्याचा कोरकू, श्योपूरचा सहरिया यांच्या बोली, देव आणि अडचणी वेगळ्या. मायामीचे क्यूबन आणि कॅलिफोर्नियाचे मेक्सिकन एका माळेत ओवता येत नाहीत, तसेच हेही.

दुसरे कारण इतिहासात आहे. या भागात ज्यांची मुळे रुजली, ते आधी तिथे राहायला गेले होते. समाजवादी मामा बालेश्वर दयाल झाबुआकडच्या बामनियात राहिले, भिल्लांच्या वेठबिगारीविरुद्ध लढले. संघविचाराचे, अमरावतीचे बाळासाहेब देशपांडे तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या जशपूरला गेले आणि १९५२ मध्ये त्यांनी वनवासी कल्याण आश्रम काढला. दोघांचे विचार दोन टोकांचे, पण दोघांनीही काम उभे केले ते वस्तीत राहून. उलट, जानेवारी २००२ मध्ये काँग्रेसच्या दिग्विजय सिंह सरकारच्या पुढाकाराने भोपाळ जाहीरनामा निघाला. दलित-आदिवासींना सरकारी खरेदीत आणि उद्योगात वाटा देण्याचा तो विचार अमेरिकेतल्या प्रयोगांवरून घेतलेला आणि काळाच्या पुढचा होता. पण पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत तेव्हाच्या ४१ आदिवासी जागांपैकी ३७ भाजपकडे गेल्या. राजधानीत झालेले ठराव पाड्यावर पोहोचलेच नव्हते.

पाड्यावर काय मोजले जाते? तेंदूपत्त्याचे उदाहरण घ्या. मे महिन्यात बाया-माणसे उजाडायच्या आत जंगलात शिरतात, दुपारी पाने जुळवून गड्ड्या बांधतात आणि संध्याकाळी फडावर नेतात. एका गड्डीत ५० पाने, आणि अशा १,००० गड्ड्यांची एक प्रमाण गोणी. २०२३ मध्ये, निवडणुकीच्या वर्षी, गोणीचा दर ४,००० रुपये झाला, म्हणजे ५० पानांना ४ रुपये. दर वाढला हे चांगलेच झाले, पण तो ठरला भोपाळमध्ये.

याच ठिकाणी पेसा कायद्याचे मोल कळते. झाबुआचे खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीच्या शिफारशींवर १९९६ मध्ये हा कायदा झाला. तेंदूपत्त्यासारख्या गौण वनोपजाची मालकी त्याने ग्रामसभेला दिली. मध्य प्रदेशात त्याचे नियम यायला १५ नोव्हेंबर २०२२ उजाडावा लागला. महाराष्ट्रात ते २०१४ मध्ये आले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तर २००९ मध्येच वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवले आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकून दाखवला. असा निर्णय गावाच्या हाती येतो, तेव्हा पक्षाने आपल्याला खरोखर मोजले असे लोक मानतात.

म्हणून कुठल्याही पक्षाच्या अशा प्रयत्नाला तीन प्रश्न विचारावेत. मान दिला का? लाभ दिला का? निर्णयाचा अधिकार दिला का? पहिल्या दोन प्रश्नांना दोन्ही मोठ्या पक्षांकडे बऱ्यापैकी उत्तरे आहेत. तिसऱ्याचे उत्तर कागदावर आहे, ते गावोगाव अमलात यायचे आहे. जो पक्ष ते काम निवडणूक नसलेल्या वर्षीही करील, त्याला या ४७ जागांसाठी वेगळे मेळावे भरवावे लागणार नाहीत.

(पुढील आठवड्यात : पेसाची ग्रामसभा प्रत्यक्षात कशी चालते?)