विद्यार्थ्याचा निबंध कसा सुधारावा

निबंध सुधारणे म्हणजे तांबड्या शाईने चुकांवर रेघोट्या ओढणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त झाले, काना-मात्रा जागेवर आल्या, की पालक समाधानाने वही मिटतात. आमचा अनुभव निराळा आहे. आम्ही शाळेत थोडीच वर्षे बसलो. लिहावयास शिकलो ते कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. 'आमच्यावर घोर अन्याय होत असून न्याय मिळावा ही नम्र विनंती' एवढेच लिहिलेला अर्ज कचेरीच्या फडताळात पडून राहतो. कोणत्या महिन्याचा पगार, किती दिवसांचा, मागितला केव्हा, उत्तर काय मिळाले, हे लिहिले म्हणजे साहेबाला काही तरी शेरा मारावाच लागतो. पहिल्या अर्जात एकही शब्द अशुद्ध नसला तरी तो निकामी. दुसऱ्यात दोन-चार वेलांट्या चुकल्या तरी तो कामाचा. निबंधाचेही बहुतांशी असेच आहे.

काही वर्षांपूर्वी एका हंगामी कामगाराचा मुलगा 'माझे गाव' हा निबंध घेऊन आमच्याकडे आला. आरंभ असा होता : 'निसर्गाच्या कुशीत वसलेले ढोकी हे माझे टुमदार गाव आहे. पाखरांच्या किलबिलाटाने गावाला जाग येते.' श्रोतेहो, ज्या गावाची ओळख चार जिल्ह्यांत साखर कारखान्यामुळे झाली, त्या गावाचे हे वर्णन! यात शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. पण ढोकीच्या जागी दुसऱ्या कोणत्याही गावाचे नाव घातले असते तरी चालले असते. गाईडमधून उतरलेल्या वाक्याची हीच खूण.

आम्ही त्याला वही मिटावयास सांगितली आणि म्हटले, "आता तोंडाने सांग." तो म्हणाला, "काका, आज्जी भोंग्यावर स्वयंपाकाला उठायची. हंगाम संपला की भोंगा बंद, अन् पप्पा बाहेरगावी कामाला जायचे. मग आज्जी सारखी विचारायची, किती वाजले म्हणून." आम्ही म्हटले, "हेच लिही." तर तो घाबरला. "सरांना असलं चालत नाही," म्हणाला.

खरी अडचण येथे आहे. आपल्या घरातले बोलणे कागदावर घालण्याच्या लायकीचे नाही, असे मुलाला वाटू लागले, की तो आयुष्यभर दुसऱ्याची वाक्ये उतरवितो. पुढे कामावर लागल्यावर अर्जही दुसऱ्याकडूनच लिहवून घेतो, आणि न वाचता खाली सही करतो. असे अंगठे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतले काही पदवीधरांचे होते.

मराठीत विद्यार्थ्याच्या निबंधाचे एक थोर उदाहरण आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात दोन भागांत छापून आला. विषय महार-मांगांचे दुःख. पेशवाईत आपल्या लोकांना काय भोगावे लागले ते तिने सांगितले, आमचा धर्म कोणता असे विचारले, आणि बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसते हे लिहिले. त्या छपराच्या जागी कोणी 'दारिद्र्याचा अंधकार' घातला असता, तर निबंध अधिक पंडिती दिसला असता आणि त्यातला प्राण गेला असता. सुधारणाऱ्याने हे छप्पर राखावयाचे असते.

म्हणून आमचा क्रम असा. आधी पोराला एका वाक्यात विचारावे, तुला सांगावयाचे काय आहे? ते वाक्य कागदावर कोठे आहे ते त्यानेच शोधावे. पुष्कळदा ते शेवटच्या परिच्छेदात दडलेले असते. ते वर आणावे. मग प्रत्येक परिच्छेदासमोर समासात दोन शब्दांत त्याचा मतलब लिहावा. दोन ठिकाणी एकच मतलब आला तर एक परिच्छेद गाळावा. समासात काहीच लिहिता येत नसेल, तर तोही गाळावा. पाखरांचा किलबिलाट असाच गेला.

त्यानंतर वाक्ये. ती मोठ्याने वाचावीत. जेथे दम लागतो तेथे वाक्य तोडावे. सर्वनामांवर विशेष नजर ठेवावी. 'रामूने मुकादमाला तो आजारी असल्याचे सांगितले.' आजारी कोण? रामू की मुकादम? अशा एका 'तो'पायी चौकशीत दोन-दोन तारखा पडतात.

शुद्धलेखन सर्वांत शेवटी. जे वाक्य गाळावयाचे, त्याच्या वेलांट्या सुधारून काय उपयोग? मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली आणखी चार जोडले गेले. एकंदर अठरा, पाठ होण्याजोगे आहेत. ते पाळावेत, त्यात आम्ही सवलत मागत नाही. मात्र आजीच्या तोंडचे बोलणे आजीचेच राहू द्यावे. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहावी, हे त्या नियमांनाही मान्य आहे.

आणखी एक, आणि पालकांनी हे मनावर घ्यावे. लेखणी मुलाच्याच हातात असावी. शेजारच्या तेर गावच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, ही आख्यायिका आपण सारे जाणतो. पण कुंभार थापटणे खरे चालवितो ते ओल्या मडक्यावर, आणि तेव्हा त्याचा दुसरा हात आतून आधार देत असतो. भाजल्यावर मडके ठोकून पाहता येते, त्याचा आकार बदलता येत नाही. म्हणून मुलाला पहिला खर्डा एक ओळ सोडून लिहावयास लावावा, खाडाखोडीला मोकळीक द्यावी, आणि रात्र जाऊ देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावयास सांगावे. आपण प्रश्न तेवढे विचारावेत : केव्हा, कोण, किती, तू स्वतः पाहिलेस काय?

त्या मुलाने तीन वेळा खर्डा केला. तिसऱ्यात भोंगा पहिल्या ओळीत आला. सुवाच्य प्रत त्यानेच काढली. खर्डे फाडावयास निघाला होता. ते आम्ही त्याला वहीच्या मागे टाचून ठेवावयास लावले, म्हणजे पुढचा निबंध लिहिताना मागच्या वेळी काय गाळले ते समोर राहील.