दबावाखाली खरं बोलताना

पंखा घ्यायला दुकानात गेलं की गल्ल्यावरून विचारणा होते, ‘कच्चं बिल की पक्कं?’ पंख्यावर 18 टक्के जीएसटी, तेव्हा बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. रायपुरातली समता कॉलनी असो वा पुण्याची पेठ, गल्ल्यावरचा माणूस दर रविवारी चर्चला जाणारा असेल तर हा प्रश्न विचारताना त्याची जीभ जड होत असणार. अशा माणसाला आपण जे उपदेश करतो, त्यांतले काही गैरसमजांवर उभे आहेत.

गैरसमज: दबाव म्हणजे छळ, तुरुंग, तलवार.
पेत्राने येशूला नाकारलं ते शिपायाच्या धाकाने नव्हे. अंगणात शेकोटीपाशी एका दासीने त्याला ओळखलं, एवढंच झालं होतं. दबाव बहुधा असाच येतो, ओळखीच्या आवाजात. मालक, मेव्हणा, शेजारी.

गैरसमज: मन बदललं आणि गप्प राहिलं, तर ते खोटंच.
रायपूरहून रेल्वेने जेमतेम 70 किलोमीटरवर राजनांदगाव. 1893 च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून तिकडे निघाले होते. गाडीत एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला. वाचीन असा शब्द दिला होता म्हणून त्यांनी तो उघडला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबलेच. पुढे कित्येक महिने नाव लपवून ते मुंबईला पत्रांतून शंका विचारत राहिले. नोकरी संस्थानातली, घर कोकणस्थ ब्राह्मणाचं. शोध चालू असताना गप्प राहणं हे खोटेपण नव्हे, असं मला ठामपणे वाटतं. पण 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. त्यांना ते मागाहून कळलं. ज्याला परिणाम भोगायचे त्याला आधी सांगायचं, इथे टिळक कमी पडले. पाचेक वर्षांनी, 1900 मध्ये, लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात नवऱ्याचं मोठेपण लिहिलं, दोषही लिहिले. ते लिहिणं मला टिळकांच्या बाप्तिस्म्याइतकंच धीराचं वाटतं.

गैरसमज: सगळ्यांची मनं राखायची तर आपली श्रद्धा झाकून ठेवावी.
ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदासदन हे आश्रयगृह काढलं, पुढे ते पुण्याला आलं. मुलींच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असा त्यांचा शब्द होता. मात्र स्वतःची प्रार्थना दार लावून करायला त्या तयार नव्हत्या, आणि मुली तिथे येऊन बसत. 1893 मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलं जातंय, हा विरोधकांचा आक्षेप पोकळ नव्हता. आश्रयाला आलेल्या मुलीला उघडं दार हेही बोलावणंच वाटू शकतं. तरी दार लावून घेतलं असतं तर पालकांनाच अंधारात ठेवल्यासारखं झालं असतं.

गैरसमज: खरं बोलण्याला अपवादच नाही.
बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकातल्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी इजिप्तचा राजा फारो याला थाप मारून त्याने मारायला सांगितलेली इब्री बाळं वाचवली, आणि देवाने त्यांचं भलं केलं असं तिथेच सांगितलंय. संत ऑगस्टिनला मात्र जीव वाचवण्यासाठीही खोटं मंजूर नव्हतं. हा वाद ख्रिस्ती परंपरेत मिटलेला नाही. मी सुइणींच्या बाजूचा आहे. पण त्यांची सूट दुसऱ्यांच्या बाळांसाठी होती. कर चुकवायला ती लागू पडत नाही.

गैरसमज: देवापुढे कबूल केलं की हिशेब मिटला.
जक्कय जकातदार कबुलीवर थांबला नाही, नाडलेल्यांना चौपट परत द्यायला उभा राहिला. गल्ल्यावरच्या पगारदाराला चौपट भरणं झेपणार नाही. पण नोकरीला लागतानाच त्याला सांगता येतं, ‘सेठजी, मी पक्कंच बिल करीन, चालेल का?’ सेठ नाही म्हणू शकतो. तरी गिऱ्हाईक समोर उभं असताना वाद घालण्यापेक्षा हे पहिल्या दिवशी झालेलं बरं. आणि नोकरी गेलीच, तर रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या मंडळीने सोमवारी त्याच्यासाठी दुसरं काम शोधायला बाहेर पडावं.