‘हलक्या’ धंद्याचा नफा-तोटा : गोसीखुर्दचा धडा

रिश्ता पाहायला पाहुणे आले की पहिला सवाल ठरलेला, "मुलगा काय करतो?" उत्तर "पंक्चरचं दुकान", "भंगार" किंवा "फेरी" असं आलं की बरेचदा बोलणं तिथंच थंडावतं. आम्ही शिक्षक शाळेतही हेच पाहतो. फॉर्मवर वडिलांच्या कामाच्या रकान्यात मुलं नुसतं ‘व्यवसाय’ लिहून मोकळी होतात. म्हणून या कामांचा हिशेब एकदा नीट मांडू या.

आधी दीनचा मुद्दा. आपल्या हाताच्या कमाईपेक्षा चांगली रोजी नाही, असं हदीसमध्ये आलं आहे. हजरत दाऊद (अ.) हातच्या कमाईवर जगत, हजरत जकरिया (अ.) सुतार होते. मग कमीपणा कसला?

आता दुनियेचा मुद्दा. त्यासाठी पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द पाहा. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पाणी साठत गेलं तशी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली अनेक गावं उठली. शेतकऱ्याची जमीन बुडाली. पण शिंप्याचं, हजामाचं, गवंड्याचं हुनर त्याच्या हातात होतं, ते बुडत नाही. नव्या गावठाणात मशीन मांडली की काम सुरू करता येतं. हा पहिला छुपा फायदा. दुसरा म्हणजे रोजचा रोख पैसा, आणि तिसरा, डोक्यावर साहेब नाही.

तोटाही इथंच दिसतो. 1894 च्या भूसंपादन कायद्यात भरपाई मुख्यतः जमीन आणि घराची होती. गावोगाव फिरून बांगड्या विकणाऱ्या मणियाराची गिऱ्हाइकं चार दिशांना पांगली, तर ती कुठल्या सातबाऱ्यावर दाखवणार? 2013 च्या नव्या कायद्यानं ही चूक थोडी सुधारली. जमीन नसलेला कारागीर त्या भागात आधीची तीन वर्षं काम करत असेल आणि त्याचं पोट त्यावरच असेल, तर त्याचं कुटुंबही ‘बाधित’ धरलं जातं. पण ते सिद्ध करायला कागद लागतो, आणि आपल्या धंद्यांत नेमका कागदच नसतो.

बाकीचे तोटे हळूहळू कळतात. रुईच्या धुळीनं पिंजाऱ्याची छाती भरते. भंगारात हात कापतो. आजारी पडलं की त्या दिवसाची कमाई शून्य. म्हातारपणी पेन्शन नाही. आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे रोख पैशाची चटक लागून मुलगा आठवी-नववीतच शाळा सोडतो.

मग करायचं काय?

एक, ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. वय 16 ते 59, फी नाही.

दोन, वय 18 ते 40 आणि महिन्याची कमाई 15 हजारांपर्यंत असेल तर श्रमयोगी मानधन योजना पाहा. वयानुसार महिना 55 ते 200 रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरतं. साठीनंतर महिना 3 हजार पेन्शन.

तीन, 2023 पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 कामं आहेत. त्यात शिंपी, न्हावी, धोबी, लोहार, गवंडी येतात. व्याजामुळे कर्ज नको असेल तर घेऊ नका. प्रशिक्षण आणि अवजारांसाठीची 15 हजारांपर्यंतची मदत कर्जाविना मिळते.

चार, रोजची कमाई वहीत लिहा, थोडी तरी बँकेत भरा. दुकानाची नोंदणी आणि पावत्या सांभाळून ठेवा.

पाच, मुलाला हुनर जरूर शिकवा, पण सुट्टीत. दहावी-बारावी झालेला मेकॅनिक आपला जीएसटी, आपला करार स्वतः वाचू शकतो.

आणि पुढच्या वेळी रिश्त्याच्या बैठकीत धंद्याचं नाव ऐकून गप्प होण्याआधी दोनच गोष्टी विचारा : रोजी हलाल आहे का, आणि हिशेब लिहिलेला आहे का?