पीएफचा ऑनलाइन क्लेम रिजेक्ट का होतो? चूक नेमकी कुठे शोधायची?

मुलीच्या कॉलेजची फी भरायची म्हणून पीएफमधून ऍडव्हान्स काढायला ऑनलाइन अर्ज केला. आठवडाभर 'अंडर प्रोसेस' दिसत राहिलं आणि मग एक दिवस स्टेटस बदललं: क्लेम रिजेक्टेड. खाली इंग्रजीत एक ओळ कारण म्हणून दिलेली असते, पण ती वाचून डोकं आणखीच फिरतं. नाव जुळत नाही म्हणजे काय? स्वतःचं नाव तर बरोबरच लिहिलं होतं ना?

पीएफचा ऑनलाइन फॉर्म बहुतेकदा भरताना चुकत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. फॉर्ममध्ये भरायला तसं फार काही नसतंच. नाव, जन्मतारीख, नोकरीच्या तारखा, बँक खातं हे सगळं आधीपासून तिथे असतं. अर्ज आला की आधार, पॅन, बँक आणि कंपनीने ईपीएफओला दिलेली माहिती एकमेकांशी जुळते का, हे पाहिलं जातं. या चारपैकी एक जरी वेगळं बोललं, तर अर्ज परत येतो. म्हणजे चूक पाच-सात वर्षांपूर्वी, नोकरीला लागताना घाईघाईत भरलेल्या जॉइनिंग फॉर्मात झालेली असू शकते. ती उघडकीला येते पैसे काढायच्या दिवशी.

नावाचा घोळ

महाराष्ट्रात ही अडचण जरा जास्तच येते आणि त्याचं कारण आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीत आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कुठे वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर, कुठे मधलं नावच गायब. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. 'गायकवाड' एका कागदावर 'के'नंतर 'ए' घालून लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर न घालता. माणसाला हे एकच नाव दिसतं. कॉम्प्युटरला ती दोन माणसं वाटतात.

बायकांच्या बाबतीत तर लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. आधार बदललं, पण पॅन माहेरच्या नावाने राहिलं आणि पीएफ खातं पहिल्या नोकरीतल्या नावाने, ही स्थिती अनेक जणींची असते. अशा वेळी आधी ठरवायचं की कोणतं नाव कायम ठेवायचं. मग आधार आणि पॅन त्याप्रमाणे एकसारखं करून घ्यायचं आणि सगळ्यात शेवटी पीएफला हात लावायचा. उलट क्रमाने गेलं की दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागते. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे केंद्रावरच्या ऑपरेटरने टाइप केलेलं स्पेलिंग पावती घेण्याआधी नीट वाचावं.

जन्मतारखेचाही असाच प्रकार. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहून टाकल्याची उदाहरणं घरोघरी सापडतील. आधार काढताना आईने सांगितलेली तारीख लागली आणि पीएफमध्ये दाखल्यावरची, की झाला फरक.

दुरुस्ती आता बरीच सोपी झाली आहे. पूर्वी त्यासाठी 'जॉइंट डिक्लरेशन', म्हणजे कामगार आणि कंपनी दोघांच्या सह्यांचा अर्ज लागायचा आणि तो महिनोन्‌महिने फिरायचा. जानेवारी २०२५ मध्ये ईपीएफओने यात बदल केला. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारशी पडताळलेला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख, आईवडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख असे तपशील स्वतःच ऑनलाइन दुरुस्त करता येतात, कंपनीच्या मंजुरीशिवाय. यूएएन त्याआधीचा असेल तर मात्र कंपनीची मंजुरी लागते. यूएएन आधारशी पडताळलेलाच नसेल तर कागदी अर्जाला पर्याय नाही.

नोकरी सोडल्याची तारीखच नाही

क्लेम अडकण्याचं हे दुसरं मोठं कारण. जुन्या कंपनीने 'डेट ऑफ एक्झिट' भरलेलीच नसते, त्यामुळे ईपीएफओच्या लेखी तुम्ही अजून तिथेच कामाला असता. अशा वेळी पोर्टलवर फॉर्म १९ (पूर्ण पैसे काढण्याचा) आणि फॉर्म १०सी (पेन्शनच्या रकमेचा) हे पर्यायच दिसत नाहीत, फक्त ऍडव्हान्सचा फॉर्म ३१ दिसतो. अनेकांना वाटतं वेबसाइट बिघडली.

यासाठी एचआरला रोज फोन करायची गरज नाही. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने उलटले की युनिफाइड पोर्टलवर 'मॅनेज' मध्ये जाऊन 'मार्क एक्झिट' निवडता येतं. तारीख टाकताना मनाची तारीख टाकू नये. पासबुकात शेवटची वर्गणी ज्या महिन्याची दिसते, त्याच महिन्यातली तारीख घालावी.

पैसे मंजूर, पण खात्यात नाहीत

हा प्रकार सगळ्यात जास्त मनस्ताप देतो, कारण स्टेटसमध्ये 'सेटल्ड' लिहून आलेलं असतं. बऱ्याचदा गडबड असते आयएफएससी कोडची. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. खातं चालू राहिलं, पण कोड बदलला आणि पीएफच्या केवायसीत जुनाच राहिला. अशा वेळी नव्या पासबुकावरचा कोड घालून बँक केवायसी पुन्हा करावी लागते. एप्रिल २०२५ पासून बँक खातं जोडायला कंपनीची मंजुरी लागत नाही आणि ऑनलाइन क्लेमसोबत चेक किंवा पासबुकाचा फोटोही अपलोड करावा लागत नाही. धूसर फोटोमुळे परत येणाऱ्या अर्जांचा प्रश्न त्यामुळे मिटला.

ओटीपी येत नसेल तर पोर्टलला दोष देण्याआधी एक गोष्ट पाहावी. क्लेमचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, पीएफला जोडलेल्या नव्हे. तो नंबर बंद असेल तर आधारमधला नंबर बदलून घ्यावा लागतो. सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटचा नंबर 'तात्पुरता' जोडून घेऊ नये, कारण पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. ईपीएफओच्या या सेवांना पैसे लागत नाहीत.

मिळेल ते फॉर्म भरू नका

इथे थोडं थांबायला हवं. पोर्टलवर फॉर्म १९ आणि १०सी शेजारीशेजारी दिसतात, त्यामुळे नोकरी बदलली की दोन्ही भरून पैसे काढून घ्यायची पद्धत पडली आहे. कंत्राटी कामगारांमध्ये तर ठेकेदार बदलला की हे होतंच. पण १०सी भरून पैसे घेतले की तेवढ्या वर्षांची पेन्शनसाठीची सेवा पुसली जाते.

१५ हजार रुपये मूळ पगार धरला तर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये पीएफमध्ये जातात. कंपनीही तेवढेच देते, पण त्यातले १,२५० रुपये पेन्शन योजनेत आणि उरलेले ५५० पीएफमध्ये जातात. पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. चार वर्षं एका ठिकाणी, तीन दुसरीकडे, चार तिसरीकडे असं काम केलेल्या माणसाची अकरा वर्षं होतात. प्रत्येक वेळी पैसे काढले असतील तर हातात शून्य. त्याऐवजी फॉर्म १३ भरून जुनं खातं नव्यात ट्रान्सफर केलं असतं तर तो पेन्शनला पात्र ठरला असता. या ट्रान्सफरलाही आता अनेक प्रकरणांत कंपनीची मंजुरी लागत नाही. मध्ये नोकरीच नसेल तर १०सी वरच 'स्कीम सर्टिफिकेट' मागता येतं. त्यात पैसे मिळत नाहीत, सेवेची नोंद मात्र टिकते.

दोन यूएएन असतील तरी मार्ग हाच. जुन्या यूएएनमधली रक्कम चालू यूएएनमध्ये ट्रान्सफर करायची.

आणखी एक. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम काढली तर टीडीएस कापला जातो. पॅन जोडलेलं असेल तर दहा टक्के, नसेल तर वीस. आणि पैसे काढण्याच्या नियमांत ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठे बदल ठरवले आहेत. बेरोजगार झाल्यावर पूर्ण रक्कम काढण्यासाठीची दोन महिन्यांची मुदत बारा महिने करणं हा त्यातलाच एक. त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून फॉर्म भरण्याआधी पोर्टलवर सध्याचा नियम पाहावा.

तरीही अडलं तर

क्लेम वीस दिवसांत निकाली काढणं अपेक्षित आहे. त्यानंतरही हालचाल नसेल तर 'ईपीएफआयजीएमएस' या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार नोंदवता येते. 'माझे पैसे मिळाले नाहीत' एवढंच न लिहिता क्लेम आयडी, अर्जाची तारीख आणि नाकारल्याचं कारण जसंच्या तसं लिहावं. शिवाय दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' हे शिबिर भरतं. कंपनीच बंद पडली असेल, मालकाचा पत्ता नसेल, तर तिथे समोरासमोर विचारलेलं बरं. जाताना नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या असं जे काही जुनं सापडेल ते सोबत न्यावं.

पोर्टल उघडलंच आहे तर ई-नॉमिनेशनही पाहून घ्यावं. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर आपोआप रद्द धरलं जातं, हे पुष्कळांना माहीत नसतं. कामगाराचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफसोबत विम्याचे कमाल सात लाख रुपयेही कुटुंबाला मिळू शकतात, आणि नॉमिनी नसेल तर त्यासाठी वारसाच्या कागदपत्रांमागे धावावं लागतं. नॉमिनेशन भरताना 'सेव्ह' केलं की काम झालं असं समजून बरेच जण बाहेर पडतात. त्यानंतर आधार ओटीपीने 'ई-साइन' करावं लागतं. ते केलं नसेल तर नॉमिनीचं नाव पडद्यावर दिसतं, पण नॉमिनेशन 'पेंडिंग'च राहतं.