कॅमेऱ्याने पाहिलेली ‘टायटॅनिक’

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या प्रसंगाशेजारी छायाचित्र छापलेले दिसले की तो पुरावाच मानून आपण पान उलटतो. ते कोणी काढले, केव्हा काढले आणि मुळात कशाचे आहे, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. असे प्रश्न विचारले म्हणजे काय हाती लागते, हे पाहण्यासाठी ‘टायटॅनिक’ आगबोटीच्या छायाचित्रांइतके चांगले उदाहरण नाही.

घटना सर्वांना ठाऊक आहे. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या गोदीत बांधलेली ही सुमारे ८८३ फूट लांबीची बोट १० एप्रिल १९१२ रोजी साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे निघाली. १४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ती हिमनगावर आदळली आणि २ तास ४० मिनिटांत अटलांटिकच्या तळाशी गेली. बोटीवर सुमारे २,२०० माणसे होती. त्यांपैकी सुमारे १,५०० दगावली. वीस जीवरक्षक होड्यांत मिळून जागाच मुळी १,१७८ माणसांची होती.

आता छायाचित्रांकडे वळू. ‘टायटॅनिक’ची म्हणून जी चित्रे आपण पाहतो, त्यांतील पुष्कळशी तिची नाहीतच! ती आहेत तिच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे ‘ऑलिंपिक’ या बोटीची. ‘ऑलिंपिक’ १९११ साली प्रवासाला निघाली, तेव्हा तिचे भरपूर कौतुक झाले आणि भरपूर छायाचित्रेही निघाली. धाकटीच्या वाट्याला तेवढा अवधी आला नाही. अपघाताची बातमी येताच वृत्तपत्रांनी हाताशी होती ती चित्रे छापली. ‘टायटॅनिक’चा म्हणून प्रसिद्ध असलेला भव्य जिना हा वस्तुतः ‘ऑलिंपिक’वरचा आहे. त्या काळच्या चलच्चित्रात कप्तान स्मिथ पांढऱ्या गणवेशात फिरताना दिसतात, तेही ‘ऑलिंपिक’वर, प्रेक्षकांना संशय येऊ नये म्हणून फिल्मवरील नावे खरवडून टाकलेली आहेत. दोघींना वेगळे ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे. ‘टायटॅनिक’च्या वरच्या फिरण्याच्या सज्जाचा पुढील अर्धा भाग खिडक्यांनी बंद केलेला होता, ‘ऑलिंपिक’चा सज्जा शेवटपर्यंत उघडा होता.

मग खऱ्या ‘टायटॅनिक’चे काहीच उरले नाही काय? उरले, आणि ते बरेचसे एका तरुणामुळे. फ्रान्सिस ब्राउन हा आयर्लंडमधील जेझुइट पंथाचा विद्यार्थी. त्याच्या बिशप असलेल्या काकांनी त्याला साउथॅम्प्टन ते क्वीन्सटाउन एवढ्याच प्रवासाचे तिकीट काढून दिले होते. कॅमेराही पूर्वी त्यांनीच दिलेला. बोटीवर ओळख झालेल्या एका अमेरिकन दांपत्याने न्यूयॉर्कपर्यंतचा खर्च करण्याची तयारी दाखवली. ब्राउनने तारेने वरिष्ठांची परवानगी मागितली. बोटीवरून ताबडतोब उतरण्याची आज्ञा आली. ११ एप्रिलला तो उतरला आणि त्याच्याबरोबर त्याची छायाचित्रेही वाचली.

या चित्रांत शोककथेचा लवलेश नाही. डेकवर एक सहा वर्षांचा मुलगा भोवरा फिरवतो आहे आणि वडील पाहत उभे आहेत. व्यायामशाळेत शिक्षक पांढऱ्या पोशाखात उभा आहे. बिनतारी संदेशाच्या खोलीचे चित्र तर एकावर एक दोनदा उठल्यामुळे बिघडलेले आहे. पण त्या खोलीचे ते एकमेव चित्र! तीन दिवसांनी याच खोलीतून मदतीची हाक गेली आणि ती ऐकून ‘कार्पेथिया’ बोट धावत आली. भोवरा फिरवणारा मुलगा त्या रात्री वाचला. व्यायामशिक्षक वाचला नाही. चित्र काढताना हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणूनच ती चित्रे इतकी खरी वाटतात.

बोट बुडतानाचे मात्र एकही छायाचित्र नाही. रात्र चंद्राविना होती आणि होड्यांतल्या माणसांना जिवाची भ्रांत पडली होती. कॅमेरा पुन्हा दिसतो तो उजाडल्यावर. ‘कार्पेथिया’च्या प्रवाशांनी बोटीकडे येणाऱ्या होड्या टिपल्या. ‘प्रिन्झ आडालबर्ट’ या जर्मन बोटीवरील मुख्य कारभाऱ्याने त्याच सकाळी एका हिमनगाचे चित्र घेतले. हिमनगाच्या पायथ्याशी तांबड्या रंगाचा ओरखडा दिसला, म्हणून त्याचे लक्ष गेले. अपघाताची वार्ता त्याला तोवर कळलेली नव्हती.

छायाचित्र नसल्यामुळे एक वाद मात्र राहिला. बुडताना बोट दुभंगली, असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले. ब्रिटिश चौकशी मंडळाने मात्र ती अखंड बुडाली असा निष्कर्ष काढला. डोळ्यांनी पाहिलेल्यांची साक्ष ७३ वर्षे बाजूला पडली. १ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलार्ड आणि झाँ-लुई मिशेल यांच्या पथकाला सुमारे साडेबारा हजार फूट खोलीवर अवशेष सापडले. कॅमेऱ्यासमोर प्रथम आला तो बॉयलर, आणि तो ओळखू आला १९११ सालच्या जुन्या चित्रांशी ताडून! पुढे स्पष्ट झाले की, बोटीचे दोन मोठे तुकडे एकमेकांपासून सुमारे ६०० मीटर अंतरावर पडले आहेत. सामान्य प्रवाशांचे म्हणणे खरे ठरले. २०२२ साली सात लाखांहून अधिक चित्रे घेऊन त्या संपूर्ण अवशेषांची प्रतिकृती संगणकावर उभी करण्यात आली.

यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? कॅमेरा खोटे बोलत नाही हे एका अर्थी खरे आहे. पण चित्राखालची ओळ माणूस लिहितो, आणि ती खोटी असू शकते. दुसरे असे की, चित्र नाही म्हणून घटना घडलीच नाही असे होत नाही. जेथे कॅमेरा नव्हता तेथे माणसे होती. त्यांची साक्ष तपासून घ्यावी, पण केवळ चित्राचा आधार नाही म्हणून ती टाकून देऊ नये.